सतरा अंशांच्या वर

कारखान्यातली सगळ्यांत उबदार खोली माणसांसाठी नव्हती, ती एका कॅनसाठी होती. रसाच्या बाटल्या भरायच्या हॉलमध्ये हिवाळ्यात बोलताना तोंडातून वाफ निघायची. लेबल लावणाऱ्या बायकांची बोटं उलायची, ओल्या फरशीवर उभं राहून पाय लाकडासारखे व्हायचे. पण हॉलच्या टोकाला, पिवळ्या दारामागं, न्हाणीघराएवढ्या एका खोलीत रात्रंदिवस हीटर चालू असायचा. का, तर त्या खोलीतलं औषध सतरा अंशांना गोठतं. माणसं सतराला गोठत नाहीत, तेव्हा त्यांना हीटर कशाला? असा सगळा न्याय.

औषध म्हणायचे सगळे. कॅनवर डायमिथाइल डायकार्बोनेट असं लांबलचक नाव होतं आणि खाली कवटीचं चित्र. दिसायला अगदी पाणी. रसाच्या धारेत पंपानं त्याचे बारीक थेंब सोडायचे आणि बाटलीला बूच लावायचं. रस आंबवणारे जंतू मरतात आणि चार-पाच तासांत औषध स्वतःही मोडून जातं. मागं उरतो थोडा गॅस आणि फळांच्या रसात एरवीही असतं तसलं नखभर मिथेनॉल. पिणाऱ्याला काही होत नाही. पण बाटलीत जाण्याआधी ते ज्याच्या वाट्याला येईल त्याची खैर नसते. कातडीवर पडलं तर भाजतं, डोळ्यात गेलं तर डोळा जायची वेळ येते. आणि वाफ श्वासात गेली तर सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा फारसं काही होतच नाही. डोळे चुरचुरतात, चार वेळा खोकला येतो, माणूस तोंड धुतो आणि कामाला लागतो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसं आतून पाण्यानं भरायला लागतात.

हे सगळं कारखान्यात एकाच बाईला नीट ठाऊक होतं. तो पंप चालवायचा परवाना तिच्या एकटीच्या नावावर होता. तिच्या पाठीमागं सगळे तिला मिरची म्हणायचे आणि ते तिला माहीत होतं. राग तिच्या नाकावर बसलेला असायचा, तो उठून कुठं जायचाच नाही. पण सात हिवाळ्यांत तिचा कॅन एकदाही गोठला नव्हता. सकाळी आल्या आल्या ती आधी दाराबाहेरच्या काट्यावर तापमान बघायची, मग तोंडाला मुखवटा चढवायची, मग हातमोजे, आणि मगच पिवळं दार उघडायची. एवढी काळजी तिनं घरच्या कुणाची घेतली नव्हती, असं तिचा नवरा म्हणायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एक हमाल त्या खोलीत मोजे वाळत घालून पाय शेकत बसलेला तिला सापडला. तिनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि रीतसर लेखी तक्रार केली. नियमच होता तसा. तिसऱ्या दिवसापासून हमाल दिसेनासा झाला. त्याला समज देतील आणि हॉलमध्ये एखादा हीटर बसवतील, असं तिला वाटलं होतं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! हॉल होता तसाच गार राहिला. पिवळ्या दाराला मात्र कुलूप आलं, एक किल्ली तिच्या कमरेला आणि दुसरी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. आणि त्या दिवसापासून मिरची दिसली की बायकांच्या गप्पा बंद पडायला लागल्या.

या हिवाळ्यात थंडीनं कहर केला. पिवळ्या खोलीला वाफ बाहेर फेकणारा एक पंखा होता आणि दाराच्या खालच्या अंगाला ताजी हवा आत घेणारी जाळी. सुपरवायझरनं पंखा बंद करून जाळीत पोतं कोंबलं. पंखा बंद झाला की भोंगा वाजायचा, तर त्यानं भोंग्याची वायरही काढून टाकली.

"साहेब, ही खोली आहे की शवपेटी?" तिनं विचारलं होतं.

"बाई, पंखा सगळी ऊब बाहेर फेकतो. कॅन गोठला तर लाइन कोण चालवणार, तुम्ही?"

तिनं पोतं ओढून फेकलं आणि पंखा चालू केला. दुसऱ्या दिवशी पोतं पुन्हा जागेवर. असं तीनदा झालं. चौथ्यांदा, म्हणजे सोमवारी, ती पोतं ओढायला वाकली तेव्हा काट्यावर अठरा होते. सतरापासून एक अंश. तिचा हात पोत्यावर होता आणि तिनं तो मागं घेतला. आजचा दिवस राहू दे, असं ती स्वतःशी म्हणाली. मंगळवारीही तेच म्हणाली. मुखवटा तर आपण घालतोच, आत दुसरं कोण येतंय?

आता गुरुवार होता.

साडेबारापासून पाऊण तास जेवणाची सुट्टी असायची. सकाळी अकराला एकदा आणि मग या सुट्टीत ती रसाचे नमुने घेऊन वरच्या प्रयोगशाळेत जायची. आजही गेली, सव्वाला परत आली, मुखवटा हातातच असताना पिवळं दार बोटभर उघडलं आणि तिच्या डोळ्यांत सुया टोचल्या. ती मागं सरली. मुखवटा चढवला, हातमोजे चढवले, आत शिरली. पंखा बंद, जाळीत पोतं. कॅनमधून पंपाकडं जाणाऱ्या नळीच्या सांध्यावर एक थेंब फुगत होता. तो खालच्या तबकात पडला आणि त्याच्या जागी दुसरा आला. सकाळी दहाला कॅन बदलला तेव्हा सांधा कोरडा होता, हे तिला स्वच्छ आठवत होतं. तिनं झडप बंद केली, पंखा लावला, पोतं उपसलं, तबकातल्या ओलीवर शोषून घेणाऱ्या भुकटीचा अख्खा डबा ओतला. हे सगळं तिचे हात करत होते. डोळे हीटरकडं लागले होते.

हीटरवर लेबल लावायच्या कामाचे ओले हातमोजे वाळत घातले होते. अंगठ्याला हिरव्या दोऱ्यानं शिवण घातलेली. शेजारी उलट्या बादलीवर जेवणाचा डबा, झाकणाला पोचा पडलेला. डब्यात एक उकडलेलं अंडं होतं. सकाळी तिनं स्वतःच्या हातानं दोन घातली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला रोजचंच होतं. पण ही आग मस्तकात गेली आणि तिथं गार पडली. 

डबा तिच्या नणंदेचा होता. नवऱ्याची धाकटी बहीण, चोवीस वर्षांची, घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. दोन वर्षांपासून ती यांच्याकडंच राहत होती आणि मिरचीच्याच ओळखीनं लेबलच्या कामाला लागली होती. आठ दिवस दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. भांडण गरम पाण्यावरून झालं होतं. चिमणी सकाळी नळाखाली उभी राहिली की गरम पाण्याची अख्खी टाकी संपवायची. "तुझी एकटीचीच हाडं गारठतात का गं? आम्ही काय दगडाचे आहोत?" असं मिरची बाहेरून ओरडली होती. तेव्हापासून चिमणी गार पाण्यानं अंघोळ करून कामाला येत होती.

लाइन सुरू होणार होती. बायका आपापल्या जागी उभ्या राहत होत्या. मिरची डबा हातात घेऊन थेट चिमणीपुढं गेली.

"किती वेळ बसली होतीस?"

चिमणीचे डोळे लाल होते. पापण्या सुजलेल्या. "कुठं?"

"मला कुठं विचारतेस? त्या खोलीत! हा डबा चालत गेला का तिथं?"

"मी नव्हते तिथं." आवाज बसका होता. "डबा हरवला होता माझा."

"आणि डोळे कशानं लाल झालेत?"

"थंडीनं."

"खोटं बोलू नकोस! थोबाड फोडीन!" मिरचीचा आवाज हॉलभर गेला. "किती वेळ, ते सांग!"

"सांगितलं ना, नव्हते!" चिमणी ओरडली, आणि ओरडताना खोकला आला. तो तिनं गिळला. गिळलेला खोकला मिरचीला दिसला.

आरडाओरडा ऐकून सुपरवायझर आला. हातात कागदांचं पॅड, चेहऱ्यावर शहाणपण. "काय झालं बाई? कुणाच्या नावानं शिमगा चाललाय?"

"सांधा गळतोय. खोलीत वाफ भरली होती आणि ही आत बसली होती. हिला आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

सुपरवायझरनं चिमणीला वरून खालपर्यंत पाहिलं. "ही? चांगली धडधाकट उभी आहे की. काय गं, काही होतंय तुला?"

"नाही साहेब."

"आत होतीस तू?"

"नाही साहेब."

"बघा. ती स्वतः नाही म्हणते." तो मिरचीकडं वळला आणि आवाज खाली आणला. "आणि समजा, दोन मिनिटं गेली असेल आत. चार तासांत निघून जातं ना ते? तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"रसात, साहेब! रसात जातं! माणसात जाताना ते जाळत जातं. आज ही हसेल, बोलेल, आणि संध्याकाळी हिच्या फुप्फुसात पाणी भरेल. कॅनवर लिहिलंय ते. तुमच्या डोक्यावरच्या भिंतीवर लावलंय. वाचता येतं ना तुम्हाला?"

"तोंड सांभाळून बोला. सांधा गळला असेल तर ती तुमची जबाबदारी. तपासणीला माणसं यायचीत उद्या, आणि तुम्हाला आजच सापडली गळती." त्यानं हात झटकले आणि लाइनवाल्याला खूण केली. पट्टा हलला. बाटल्या खुळखुळत पुढं सरकायला लागल्या.

मिरचीनं खांबावरचं लाल बटण तळहातानं मारलं. पट्टा जागच्या जागी थांबला, दोन बाटल्या आडव्या होऊन फुटल्या. सात वर्षांत ते बटण कुणी दाबलं नव्हतं.  सुपरवायझर काहीतरी बोलत होता, पण तिनं तिकडं पाठ केली आणि चिमणीचा हात धरून तिला उलट्या क्रेटवर बसवलं. स्वतः ओल्या फरशीवर तिच्यापुढं बसली. चिमणीचा हात बर्फासारखा होता.

"मी ओरडत नाही," ती म्हणाली. "बघ, ओरडत नाही. फक्त सांग. दवाखान्यातला डॉक्टर मला पहिलं तेच विचारणार आहे."

चिमणीनं खाली पाहिलं. नाकातून पाणी आलं ते बाहीनं पुसलं. मग अगदी हळू म्हणाली, "त्या हमालासारखं मला काढतील ना, वहिनी? तू लिहून देशील ना?"

मिरचीला एकदम कळलं. ही पोरगी वाफेला भ्यायली नव्हती. ती आपल्याला भ्यायली होती. फुप्फुसं जळाली तरी चालतील, पण वहिनीला कळता कामा नये, म्हणून तोंड धुऊन कामाला येऊन उभी राहिली होती. हे शिकवलं कुणी तिला? आपणच शिकवलं. नियमावर बोट ठेवून, सही करून शिकवलं. मिरचीला स्वतःचा इतका राग आला की क्षणभर तिला समोरचं काही दिसेना.

"लिहीन," ती म्हणाली. "पोतं मी सोमवारी बघितलं होतं आणि तसंच राहू दिलं, कॅन गोठू नये म्हणून. हे लिहीन. माझ्या नावानं लिहीन. आता सांग."

"अर्धा तास," चिमणी म्हणाली. "डोळे चुरचुरायला लागले तरी बसले. इतकं छान वाटत होतं गं. बोटं हलायला लागली होती."

"आत कशी गेलीस? किल्ली माझ्या कमरेला असते."

चिमणीनं सुपरवायझरकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. पण आता बोलणं सुरू झालं होतं, ते थांबलं नाही. "साहेब देतात. ड्रॉवरमधली. आम्ही हॉलला हीटर मागितला होता ना, तेव्हा म्हणाले, हीटर कुठून आणू, बाई वर गेली की पाळीपाळीनं बसा तिथं. मिरचीला पत्ता लागू देऊ नका, म्हणाले."

वीस बायकांनी एकदम माना खाली घातल्या, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. सुपरवायझरच्या चेहऱ्यावरचं शहाणपण उतरलं. "अहो, माणुसकी म्हणून दिली मी," तो म्हणाला. "थंडीनं कुडकुडत होत्या. म्हणजे चांगलं करायला जावं तर..."

"माणुसकी?" मिरची उठली. तिचा आवाज मोठा नव्हता आणि म्हणूनच सुपरवायझर एक पाऊल मागं सरकला. "जिथं श्वास घेऊ नये म्हणून कुलूप लावतात, तिथं तुम्ही बायकांना जेवायला बसवता. वर पंखा बंद करता. वर भोंग्याची वायर तोडता. हॉलमध्ये हीटर नाही, पण कॅनला हवा. आणा ती किल्ली."

"बाई, हे बघा..."

"किल्ली आणा म्हणते ना! की सगळ्यांसमोर खिशात हात घालू?"

त्यानं किल्ली दिली. तिनं ती स्वतःच्या किल्लीबरोबर मुठीत धरली आणि बायकांकडं वळली. "आज दहानंतर आणखी कोण बसलं होतं? मी कुणाची तक्रार करणार नाही. बाहेरून कितीही बरं वाटत असलं तरी सांगा. मला शिव्या द्यायच्या असतील तर नंतर द्या, पण आत्ता सांगा."

 मग बुचं लावणारीनं हात वर केला. पाच मिनिटं, म्हणाली, सुट्टी झाल्या झाल्या, चिमणीच्या आधी. तिच्यामागून खोकी चिकटवणारी थोराड बाई पुढं आली आणि म्हणाली, "मी अकराला गेले होते. गुडघे शेकायला." म्हणताना तिला लाज वाटत होती. आपल्या गुडघ्यांची लाज.

रुग्णवाहिका मिरचीनंच बोलावली. तिघींना कपडे बदलायला लावले, चूळ भरायला लावली, डोळे पाणी सोडून धुवायला लावले. मग एकीलाही पायऱ्या चढू दिल्या नाहीत. चालायचं नाही, बोलायचं नाही, बसून राहायचं. पिवळ्या दाराला कुलूप घातलं. आत पंखा चालू होता, जाळी मोकळी होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरनं चिमणीच्या छातीला नळी लावली आणि म्हणाला, "छाती तर साफ आहे."

"असणारच," मिरची म्हणाली आणि कॅनबरोबर येणारा माहितीचा कागद त्याच्यापुढं ठेवला. घड्या पडलेला, पाठ झालेला. "अर्धा तास आत होती. हे वाचा. दोन दिवस सोडायचं नाही." त्यानं वाचला, एकदा तिच्याकडं पाहिलं आणि तिघींनाही दाखल करून घेतलं.

पाचपर्यंत चिमणी मजेत होती. वहिनीला जेवलीस का विचारत होती. गरम पाण्याचं भांडण मिटवून टाकू, म्हणत होती. साडेपाचला ती वाक्याच्या मध्येच थांबायला लागली. सहाला तिच्या श्वासाबरोबर छातीत बुडबुड्यांसारखा आवाज येऊ लागला आणि ओठांचा रंग गेला. परिचारिका धावली, डॉक्टर धावला, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढला, हातात सुई गेली. मिरचीला पडद्याबाहेर काढलं. ती तिथं भिंतीला टेकून उभी राहिली आणि आतला आवाज ऐकत राहिली.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आला. "वेळेत आणलंत म्हणून," तो म्हणाला. "घरी असती तर जमलं नसतं. अजून धोका टळलेला नाही. आजची रात्र जाऊ दे." बाकीच्या दोघी ठीक होत्या, पण त्यांच्यावरही नजर ठेवून होते.

तिला आत जाऊ दिलं. चिमणीचे डोळे मिटलेले होते, पण वहिनी आल्याचं तिला कळलं, कारण तिची बोटं चादरीवर हलली. खिडकीबाहेर अंधार पडला होता. तेवढ्यात फोन वाजला. सुपरवायझर होता.

"बाई, किल्ल्या कुठायत?"

 तो चिमणीचं विचारेल म्हणून तिनं एक श्वासभर वाट पाहिली.

"ऐकताय ना? बाहेरच्या काट्यावर एकोणीस दाखवतंय. झपाट्यानं उतरतंय. तो पंखा बंद करून जाळीत पोतं घातलं की तासाभरात चढेल. सांधा फिटरनं बघितला तर सकाळी सात वाजता लाइन चालू होईल. कुणाकडं तरी पाठवून द्या किल्ल्या."  त्याचा आवाज चढला. "अहो, सतराच्या खाली गेलं की संपलं! सगळा कॅन गोठेल! तुम्हाला सांगायला पाहिजे का हे?"

किल्ल्या तिच्या मुठीतच होत्या. दुपारपासून धरल्यानं तळहातावर वळ उठले होते.

"गोठू दे," ती म्हणाली.

"काय?"

"गोठू दे म्हणाले."

तिनं फोन बंद करून पिशवीत टाकला. परिचारिकेनं चिमणीच्या अंगावर दुसरं ब्लँकेट घातलं होतं, पण पाय उघडेच राहिले होते. मिरची पायथ्याशी बसली आणि ते गारठलेले पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.